घरचें शास्त्र : माशांच्या टांकीचें नळकाम

गेल्या अंकांत आम्हीं पितळी भांड्यांच्या कल्हईसंबंधानें लिहिलें होतें, आणि या महिन्यांत पावसाळ्यापूर्वीं धान्याची कोठी कशी झाडावी याविषयीं लिहावें असा आमचा संकल्प होता. परंतु मध्यंतरीं आमच्याच घरांत असा एक प्रसंग घडला कीं, कोठीचा विषय पुढील महिन्यावर ढकलून आज माशांच्या टांकीविषयीं लिहिणें आम्हांस भाग पडत आहे. ज्या घरांत चातुर्मासांत कांद्यालसणालाहि रजा मिळते त्या घरांत माशांची चर्चा कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें समाधान प्रथमच करून ठेवितों. आमच्या घरांतील मासे केवळ पाहण्यासाठीं आहेत. त्यांचा आणि स्वयंपाकघराचा संबंध पाण्याच्या नळापुरताच आहे.

ही टांकी आमच्या धाकट्या बंधूंची. नोकरी संभाळून त्यांनीं ती पंधरा वर्षें राखिली. दोन वर्षांपूर्वीं ते गेले. त्यांची खोली आवरली, कपडे देऊन टाकले, परंतु टांकी दिवाणखान्यांत होती तेथेंच राहिली. दिवेलागण झाली कीं आमची भावजय अर्धा तास तिच्यापाशीं जाऊन बसते. बोलत कांहीं नाहीं. त्या वेळांत तिला कामासाठीं हांक मारावयाची नाहीं, हें घरांतील लहान मुलांनाहि न सांगतां समजलेलें आहे.

यंदा फाल्गुनांत टांकींतील पाणी हिरवें होऊं लागलें. प्रथम तें नुसतें मंद दिसे; पुढें पलीकडचा मासा दिसेनासा झाला. अर्धें पाणी बदलावें तों चार दिवसांत पुन्हां तोच रंग. अशांत भावजयीस बरें वाटावें म्हणून आमच्या पुतण्यानें बाजारांतून चार नवे मासे आणून सोडले. आठवड्याभरांत माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसूं लागले. नवे चार धरून बावीस मासे होते. औषधोपचार करूनहि त्यांपैकीं तेराच उरले. नववा मासा काढला त्या सायंकाळीं भावजय आम्हांस म्हणाली, "भाऊजी, ही टांकी आतां कोणाला तरी देऊन टाका. रोज एक एक मेलेला मासा काढणें माझ्यानें होत नाहीं." आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं. पुतण्या मात्र म्हणाला, "आई, पंधरा दिवस थांब. मी अतिनील दिवा बसवितों."

अतिनील किरण म्हणजे काय, हें वाचकांस थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. सूर्यप्रकाशाच्या सात रंगांत जांभळ्याच्या पलीकडे जे किरण आहेत ते डोळ्यांस दिसत नाहींत. कांहीं जुन्या ग्रंथांतून त्यांस जंबुपार असेंहि नांव आढळतें. सन १८०१ मध्यें रिटर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें रजतक्षाराच्या काळें पडण्यावरून त्यांचें अस्तित्व ओळखिलें. सन १८७७ मध्यें डाउन्स व ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनीं सूर्यप्रकाशानें सूक्ष्म जंतु मरतात हें दाखवून दिलें. पुढें पाऱ्याच्या वाफेचा दिवा निघाला, आणि सन १९१० मध्यें फ्रान्सांतील मार्सेय शहरीं पिण्याचें पाणी या किरणांनीं शुद्ध करण्याचा प्रयोग झाला. आज आपल्यापैकीं अनेकांच्या स्वयंपाकघरांत पाणी शुद्ध करण्याचें जें यंत्र भिंतीवर असतें, त्यांतील पुष्कळांच्या पोटांत हाच दिवा असतो.

या दिव्याचा मुख्य किरण सुमारें २५४ नॅनोमीटर लांबीच्या तरंगाचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जंतूच्या पेशींतील जनुकद्रव्य नेमका या सुमाराचा किरण शोषून घेतें, त्याची सांखळी जागोजाग चिकटते, आणि मग त्या जंतूस आपली प्रजा वाढवितां येत नाहीं. साध्या काचेंतून हा किरण पार होत नाहीं. म्हणून दिव्याभोंवतीं क्वार्ट्झची, म्हणजे गारेच्या स्फटिकापासून केलेली नळी असते. ती नळी एका बंद नळकांड्यांत बसविलेली असते, आणि दोहोंच्या मधल्या पोकळींतून पाणी वाहतें. दिवा पाण्यांत कांहीं सोडीत नाहीं. जें पाणी त्याच्या समोरून जाईल तेवढ्यावरच त्याचा अंमल. म्हणून दिव्याचें निम्मेंअधिक यश पाणी कोणत्या वाटेनें व किती वेगानें त्याच्याजवळून नेलें यावर, अर्थात् नळकामावर, अवलंबून असतें.

हें आम्ही आज शहाणपणानें लिहीत आहों. त्या वेळीं आम्हांपैकीं कोणासहि तें उमगलें नव्हतें. पुतण्यानें दिवा आणला, त्याच सायंकाळीं टांकीखालच्या कपाटांत फिल्टरच्या नळीमध्यें जोडला, आणि निळसर उजेड दिसतांच सर्वांनीं समाधान मानलें. नळीच्या तोंडावर क्लॅम्प आवळावयाचा होता, तो दुसऱ्या दिवशीं आणूं म्हणून राहिला. "आतां रात्रीं कोठें बाजारांत जातोस?" असें म्हणून त्यास अडविणारे आम्हीच. रात्रीं केव्हां तरी नळी निसटली. पंप टांकींतील पाणी ओढून बाहेर टाकीतच राहिला. आणि परतीच्या नळीचें टोंक टांकींत खोल बुडालेलें असल्यानें तिकडूनहि पाणी उलटें खालीं येऊं लागलें. पहाटे आम्ही संध्येस उठलों तेव्हां दिवाणखान्यांत पायाखालीं पाणी होतें. मासे वीतभर पाण्यांत तग धरून होते. टांकीशेजारच्या कपाटाचा तळचा खण भिजला होता. आमचा अमरकोश गेला त्याचें कांहीं नाहीं, दुसरा मिळेल. परंतु त्याच खणांत बंधूंची लाल पुठ्ठ्याची वही होती.

भावजयीनें तें पाहिलें आणि ती कोणासहि एक अक्षर बोलली नाहीं. तिनें वही उचलली, माजघरांत पंख्याखालीं नेली, आणि जुन्या धुवट धोतराचे तुकडे करून एकेका पानामध्यें घालीत बसली. पुतण्या दाराशीं उभा राहून पाहत होता. त्यानें दिव्याची तार काढून ठेविली आणि आम्हांस म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा आईला. देऊन टाकूं टांकी."

वही वाळावयास तीन दिवस लागले. पान उलटतां उलटतां भावजय तें वाचीत होती. बंधूंच्या हयातींत ती वही कोणी उघडली नव्हती. पाणी केव्हां बदललें, मासे किती, एवढेंच तींत असेल अशी सर्वांची समजूत. तिसऱ्या दिवशीं ती वही घेऊन आमच्यापुढें आली. "भाऊजी, हें सगळें यांनीं लिहून ठेवलेलें आहे. आपण वाचलेंच नाहीं." तिनें बोटानें तीन ठिकाणें दाखविलीं. पहिलें : फाल्गुनापासून पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दुपारीं तीन ते सहा ओढून ठेवणें. दुसरें : खाद्य दिवसांतून एकदांच, दोन मिनिटांत संपेल इतकें. तिसरें : नवा मासा तीन आठवडे निराळ्या भांड्यांत.

आम्ही शाळेंत पस्तीस वर्षें मुलांना आधीं प्रश्न नीट वाचा म्हणून सांगत आलों. आणि येथें उत्तरासकट लिहिलेला प्रश्न घरांत असून आम्हीं उघडून पाहिला नव्हता. तपास केला तेव्हां कळलें कीं, खिडकीचा पडदा दिवाळींत धुण्यास काढला तो परत लागलाच नव्हता. खाद्याची चौकशी तर अधिकच उद्बोधक निघाली. सकाळीं पूजेनंतर आम्ही चिमूटभर घालीत असूं. आमच्या सौभाग्यवती दुपारीं घालीत. नात शाळेंतून आली कीं घाली. भावजय सायंकाळीं घाली, आणि रात्रीं पुतण्या घाली. प्रत्येकास वाटे कीं, बंधु गेल्यापासून माशांकडे आपणच काय तें पाहतों. एकत्र कुटुंबांत माया वांटून घ्यावी, परंतु खाद्य घालण्याचें काम एकाकडेच असावें. खाऊन उरलेलें खाद्य कुजतें, त्यांतून पाण्यांत खत उतरतें. त्यावर तीन तास उन्हाची तिरीप. ज्या शेतांत आपणच खत आणि ऊन देतों तेथें हिरवें पीक आलें तर दोष कोणाचा? आणि ठिपक्यांचा रोग तर आम्हींच पैसे देऊन, पिशवींतून घरीं आणला होता.

पडदा लागला. खाद्याचें काम एकट्या भावजयीकडे गेलें. मग दिव्याचें काय करावें, हा प्रश्न उरला. कारण दूर केल्यावर हिरवेपणा यथाकाल ओसरला असता. परंतु रोगाची पिलें पाण्यांत फिरत असण्याची भीति होतीच. शिवाय दुसरा एक विचार आमच्या मास्तरी मनांत आला. मुलाच्या हातून एक काम फसलें आणि तें तसेंच अडगळींत पडलें, तर त्याची बोच जन्मभर राहते. तेंच काम त्याच्याच हातून नीट करवून घ्यावें, हें बरें. आम्हीं त्यास पाटीपेन्सिल घेऊन बसविलें. आधीं कागदावर नळ, मग कपाटांत, असा नेम केला. त्या आंखणींत जें निष्पन्न झालें तें क्रमानें देत आहों.

प्रथम पाणी मोजलें. टांकी १०० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ५० उंच. म्हणजे कांठोकांठ २०० लिटर. परंतु पाणी ४५ सेंटिमीटरपर्यंतच भरतों, तें १८० लिटर. आणि वाळू व दगड यांनीं व्यापलेली जागा सुमारें २० लिटर वजा जातां खरें पाणी १६० लिटर. दिव्याचा हिशेब या आंकड्यावर करावयाचा, दुकानदार सांगतो त्या मापावर नव्हे.

दुसरें, प्रवाह मोजला. फिल्टरच्या खोक्यावर ताशीं १००० लिटर असें छापलें होतें. तो आंकडा पंपास कांहींच चढ व अडथळा नसतांचा असतो. आम्हीं परतीच्या नळीचें तोंड टांकींतील पाण्याच्या पातळीइतकें उंच धरून खालीं ५ लिटरचा डबा ठेविला व घड्याळ लाविलें. डबा ३० सेकंदांत भरला. म्हणजे तासाला ६०० लिटर. येथें एक सूचना करतों. नळीचें तोंड जमिनीपर्यंत खालीं नेलें तर पाणी अधिक वेगानें येतें व आंकडा फसवा मिळतो. म्हणून तोंड पातळीइतकेंच उंच धरावें.

तिसरें, दिव्यापाशीं पाणी किती वेळ थांबतें तें पाहिलें. मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिलें काळ. आमच्या नळकांड्यांत सुमारें १ लिटर पाणी मावतें. ताशीं ६०० लिटर गेलें तर प्रत्येक थेंब त्यांत सरासरी ६ सेकंद राहतो. २०० लिटर गेलें तर १८ सेकंद. पाणी हिरवें करणारें सूक्ष्म शेवाळ थोड्या मात्रेनें निकामी होतें. ठिपक्यांच्या रोगाच्या जीवास तिच्या कितीतरी पट लागते. दिव्यासोबतच्या पत्रकांतहि दोन कामांसाठीं दोन वेग दिलेले असतात. आमच्या ९ वॅटच्या दिव्यास रोगासाठीं २०० लिटरची मर्यादा होती. आम्हीं पहिल्या रात्रीं सगळेंच्या सगळें पाणी त्यांतून धांवडविलें होतें; नळी निसटली नसती तरी रोगाच्या दृष्टीनें तें व्यर्थच होतें.

यावर पुतण्या म्हणाला, "मग वेग आणखी कमी करूं, पन्नास लिटर." येथें दुसरी बाजू पाहावी लागते. दिव्यांतून निघालेलें शुद्ध पाणी टांकींतील अशुद्ध पाण्यांतच मिसळतें आणि पुन्हां तेंच थोडेंफार दिव्याकडे जातें. भरलेल्या कोकम सरबताच्या पातेल्यांत एका बाजूनें साधें पाणी सोडावें, ढवळत राहावें, आणि दुसऱ्या बाजूनें तितकेंच बाहेर जाऊं द्यावें. पातेलेंभर पाणी आंत गेलें तरी सरबत संपत नाहीं. गणितानें पाहतां शेंकडा ३७ भाग तसाच राहतो. दोन पातेल्यांनंतर १४, तीन पातेल्यांनंतर ५. टांकीचें तेंच. २०० लिटरच्या वेगानें १६० लिटरचा एक फेरा ४८ मिनिटांत होतो, तीन फेरे अडीच तासांच्या आंत. ५० लिटरच्या वेगानें तीन फेऱ्यांस साडेनऊ तासांहून अधिक लागतील, आणि तेवढ्यांत शेवाळ मागील तूट भरून काढील. फार वेग ठेविला तर मात्रा उणी पडते, फार मंद ठेविला तर फेरे उणे पडतात. या दोहोंच्या मधला आंकडा निवडणें हीच खरी योजना.

चौथें, वाट ठरविली. फिल्टरमधून येणारें पाणी ६०० लिटर, दिव्यास हवें २०० लिटर. पंप दाबून सगळाच प्रवाह कमी केला तर फिल्टरचें काम बिघडतें. म्हणून फिल्टरच्या पुढें एक टी-जोड घालून दोन शाखा केल्या. मोठी शाखा नेहमींप्रमाणें टांकीच्या उजव्या बाजूस जाते; धाकटी दिव्यांतून जाते. दोन्ही शाखांवर एकेक बॉल व्हॉल्व्ह. पुष्कळ जण या शाखा पुढें पुन्हां एकत्र जोडतात. आम्हीं तें टाळलें, आणि धाकटी शाखा टांकीच्या डाव्या टोंकास स्वतंत्रच आणून सोडली. त्यामुळें एक जोड वांचला, आणि डबा धरून त्या शाखेचा वेग केव्हांहि मोजतां येतो. मिसळलेल्या प्रवाहांत दिव्यांतून किती गेलें हें कसें कळणार? व्हॉल्व्ह थोडा थोडा फिरवून धाकट्या शाखेचा डबा ९० सेकंदांत भरेल असा केला. तोच ताशीं २०० लिटरचा वेग. मोठ्या शाखेचा डबा ४२ सेकंदांत भरतो.

दिवा फिल्टरच्या पुढें घालावयाचा, मागें नव्हे. गढूळ पाण्यांत किरण शिरत नाहींत आणि गाळ स्फटिकाच्या नळीवर बसतो. तसेंच प्रवाह कमी करावयाचा तो पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीवरच. पंपास पाणी आणणाऱ्या नळीवर व्हॉल्व्ह आवळूं नये. नळकांडें उभें बसविलें. पाणी खालच्या तोंडानें शिरतें व वरच्या तोंडानें निघतें. त्यामुळें आंत हवा कोंडत नाहीं व दिवा सर्वांगानें पाण्यानें वेढलेला राहतो. विजेचें टोंक वर ठेविलें. आमच्या यंत्राच्या पत्रकांत तशी मुभा होती.

पांचवें, दुरुस्तीची जागा सोडली. पहिल्या रात्रीं नळकांडें कपाटाच्या फळीस टेंकवून बसविलें होतें. तेथून दिवा बाहेर ओढण्यास जागाच नव्हती. दिवा जितका लांब, तितकी मोकळी जागा त्याच्या टोंकापुढें हवी. नळकांड्याच्या दोन्ही तोंडांशीं युनियन जोड बसविले, म्हणजे हातानें फिरवून तें अलग करतां येतें. बाहेर पडण्याच्या बाजूसहि एक व्हॉल्व्ह घातला, म्हणजे अलग करतांना पाणी सांडत नाहीं. नळी वळवितांना काटकोनाचे जोड थोडे व मोठीं सैल वळणें अधिक, असें धोरण ठेविलें. प्रत्येक काटकोन प्रवाहांतून आपला कर वसूल करतो. नळकांड्यालगतची नळी काळी घेतली, कारण बाहेर निसटणाऱ्या किरणांनीं साधें प्लॅस्टिक कालांतरानें कडक होऊन तडकतें. पेंचाच्या जोडांस टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली, पण प्लॅस्टिकचे पेंच बळानें आवळले नाहींत. आणि मऊ नळीच्या प्रत्येक तोंडावर क्लॅम्प! तो पुतण्यानें या वेळीं सर्वांआधीं आणून ठेविला होता.

सहावें, पुराची व्यवस्था. परतीच्या दोन्ही नळ्यांस टांकींतील पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं एक बारीक छिद्र पाडलें. खालीं कोठें नळी सुटली आणि पाणी उलटें येऊं लागलें, तर पातळी बोटभर उतरतांच छिद्रांतून हवा शिरते व ओघ तुटतो. पंपानें बाहेर टाकलेल्या पाण्यास हें छिद्र थांबवीत नाहीं. म्हणून फिल्टरकडे पाणी ओढणाऱ्या नळीचें टोंकहि वर घेतलें, म्हणजे निदान माशांपुरतें पाणी टांकींत राहील. हें छिद्र शेवाळानें बुजतें; आठवड्यास काडीनें मोकळें करावें.

सातवें, वीज. पंप आणि दिवा एकाच बटणावर ठेविले. पंप बंद पडून दिवा तसाच जळत राहिला तर नळकांड्यांतील पाणी तापतें व तें परत टांकींत जातें. आमच्या भागांत वीज जाते तेव्हां इन्व्हर्टरवर दिवा चालावा व पंप नाहीं, असें होऊं दिलें नाहीं. व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वीं दिवा बंद करावयाचा, हा नियम कपाटाच्या दारावर लिहून लाविला. तारांना बटणाकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशीं पडतो, बटणांत जात नाहीं. आणि ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक स्विच त्या जोडणीस आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घेतली. पाणी व वीज जेथें एकत्र येतात तेथें काटकसर करूं नये.

पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनीं कदापि पाहूं नये. त्यानें डोळ्यांस वाळू गेल्यासारखी वेदना होते व इजाहि होते. नळकांडें उघडण्यापूर्वीं तार काढावी. दिवा वर्षभर जळला म्हणजे, सुमारें आठ ते नऊ हजार तासांनीं, बदलावा. तो तेव्हांहि निळा दिसतोच. परंतु दिसणारा उजेड आणि काम करणारा किरण हे दोन निरनिराळे आहेत. जुना दिवा केरांत टाकूं नये, त्यांत पारा असतो. बोअरचें कठिण पाणी असेल तर स्फटिकाच्या नळीवर पांढरा थर बसतो. तो दोन-तीन महिन्यांनीं लिंबाच्या रसानें किंवा व्हिनेगरनें पुसावा, आणि दिव्यास उघडें बोट लावूं नये. माशांस औषध चालू असेल तेव्हां दिवा बंद ठेवावा, कारण कांहीं औषधें या किरणांनीं निकामी होतात.

दिव्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. माशाच्या अंगांत शिरलेल्या जीवास तो पोंचत नाहीं. ठिपक्यांचा जीव माशाच्या त्वचेंत वाढतो, मग गळून तळाशीं चिकटतो, तेथें फुटून त्याचीं शेंकडों पिलें होतात, आणि तीं पाण्यांत एखाद-दुसरा दिवस मासा शोधीत पोहतात. दिवा पकडतो तो या पोहणाऱ्यांतील जीं त्याच्या वाटेस येतील त्यांनाच. म्हणून तो औषधाची किंवा निराळ्या भांड्याची जागा घेत नाहीं. फिल्टरमधील उपकारक जंतु स्पंजास व खड्यांस चिकटून राहतात, त्यांस मात्र या दिव्यापासून भय नाहीं. आणि पांच जणांनीं घातलेल्या खाद्यावर तर त्याचा कांहींच इलाज नाहीं.

चैत्र वद्यांत हें काम पुरें झालें. जोड चिकटविण्याच्या द्रवाचा अंश पाण्यांत येऊं नये म्हणून नळ पूर्ण एक दिवस वाळूं दिले व बादलीभर पाणी त्यांतून काढून फेंकून दिलें. पहिल्या रात्रीं पुतण्या दिवाणखान्यांतच सतरंजी टाकून निजला. दोनदां उठून त्यानें जोडांखालीं कोरडा कागद फिरवून पाहिला. सहाव्या दिवशीं टांकीच्या मागची भिंत दिसूं लागली. आज ज्येष्ठांत तेरांपैकीं तेराहि मासे आहेत.

टांकी देऊन टाकण्याचा विषय भावजयीनें पुन्हां काढला नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. वहीचीं पानें वाळून थोडीं फुगलीं आहेत, शाई कांहीं ठिकाणीं पसरली आहे. पण वाचतां येतें. मागील आठवड्यांत आम्ही पडद्याची वेळ पाहण्यासाठीं ती उघडली, तेव्हां बंधूंच्या शेवटच्या नोंदीखालीं एक ओळ सोडून भावजयीच्या अक्षरांत लिहिलेलें आढळलें : पाणी ३० लिटर बदललें, डबा ९२ सेकंद, मासे १३. दोन सेकंद वाढले होते. पुतण्यास दाखविलें, त्यानें फिल्टरचा स्पंज धुतला, आणि वेग पूर्ववत् झाला.

ज्या वाचकांच्या घरीं टांकी आहे त्यांनीं दिवा आणण्यापूर्वीं डबा व घड्याळ घेऊन आपला प्रवाह एकदां मोजून पाहावा, आणि खाद्य कोण कोण घालतें याचीहि चौकशी करावी. कोठीचा विषय पुढील महिन्यांत घेऊं.